हजेरीच्या क्रमाने हुशार

तपासनीस साहेब मोठ्या बाईंच्या टेबलावर मुलांच्या गुणांचा आलेख पसरून बसले होते. मोठ्या बाई स्वतःच्याच खोलीत खुर्चीच्या कडेवर. दाराशी मावशी पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

मावशी शाळेच्या शिपाई. संगणक खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला आणि नेमणुकीचा कागद दरवर्षी नवा. खोली बंद पडली की कागदही बंद.

आठ महिन्यांपूर्वी त्या खोलीत चाळीस टॅब आले. ते थेट कपाटात गेले. "मुलांच्या हातात दिले तर आठवड्यात वाट लागेल. फुटले तर जाब मलाच विचारतील," मोठ्या बाई म्हणायच्या. मावशी रोज त्यांची धूळ पुसायच्या आणि दर शनिवारी चार्ज करायच्या. मग वरून पत्र आलं. वापर दिसला नाही तर टॅब दुसऱ्या शाळेला जातील.

"मावशी, मुलांच्या नावाने धडे उघडा आणि काहीतरी दाबत राहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "बोट कुणाचं, ते मशीनला काय कळतंय."

हजेरीपट समोर ठेवून मावशींनी एक नंबरपासून सुरुवात केली. नुसतं दाबत गेल्या. वीसपैकी तीन बरोबर. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला तेही पुष्कळ वाटलं. पण त्यांचा स्वभाव असा की भांडं घासायला घेतलं तर बूडही घासणार. नंबर पाचला त्यांनी आवाज वाढवला. नंबर बाराला व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा ऐकला. मुलं मैदानावर असायची, तेव्हा खिडक्या लावून मावशी वीज शिकत होत्या. चाळीस नंबरला वीसपैकी वीस पडले. सांगायची सोय नव्हती.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, सव्वीस वर्षं शाळा तपासतोय. हजेरीच्या क्रमाने हुशार होत जाणारा वर्ग आजच पाहिला."

मोठ्या बाई हसायला गेल्या, पण जमलं नाही. "तो तास विज्ञानाचे सर घेतात. त्यांनीच काही केलं असेल तर..."

सर त्या दिवशी रजेवर होते.

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला. "सरांनी हातसुद्धा लावला नाही, साहेब. चाळीसच्या चाळीस मी सोडवले."

"कुणी सांगितलं?"

मावशींनी एक पेला साहेबांपुढे सरकवला. पंखा फिरत होता. आलेखाचा कोपरा उडत होता आणि साहेबांनी तो बोटाने दाबून धरला होता.

"मी," मोठ्या बाई म्हणाल्या. जेमतेम ऐकू आलं.

साहेब मावशींकडे वळले. "एकाच तारेत एकापुढे एक दोन दिवे. एक काढून घेतला. दुसऱ्याचं काय?"

"विझतो."

"का?"

"वाटच तुटली ना विजेची."

साहेब कागद गोळा करायला लागले. "उद्यापासून कपाट उघडं. महिन्याने परत येतो, तोवर अहवाल माझ्याकडेच ठेवतो. आलेख वाकडातिकडा पाहिजे, मुलांचा असतो तसा. आत्तासारखा दिसला तर टॅबही गेले आणि खोलीही." उठता उठता ते मावशींना म्हणाले, "आणि तुम्ही बोट लावायचं नाही. उत्तरही सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांतच एक टॅब खाली पडला. सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"चालतोय का बघ," त्या म्हणाल्या.

चालत होता.

मावशी हात मागे बांधून बाकांमधून फिरत होत्या. पहिल्या बाकावर एक नंबरची मुलगी दोन दिव्यांच्या प्रश्नापाशी अडली होती. तिने उत्तर दाबलं. लाल फुली आली. दुसरं दाबलं, पुन्हा फुली.

"मावशी, सांगा ना. तुम्हाला येतं, अख्ख्या शाळेला माहितीये."

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. मागे बांधलेली बोटं त्यांनी आणखी घट्ट आवळली.

"माझंही आधी चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "मागे ने. परत ऐक."