बेथलेहेमच्या बाईंची फी

पत्रात ‘पॅलेस्टाईन’ हा शब्द ठेवायचा की नाही, यावर चर्चच्या कमिटीने दोन रविवार घालवले. दोन्ही रविवारी मी तिथे होते. मी ख्रिस्ती नाही, कमिटीची सभासदही नाही. आमच्या घराची मागची भिंत चर्चच्या हॉलला लागून आहे आणि कमिटीचे सेक्रेटरी, एक निवृत्त हेडमास्तर, माझे शेजारी आहेत, एवढंच नातं. पण या कामातलं सगळ्यात जास्त मला कळतं असा सेक्रेटरींचा समज होता, आणि खरं सांगायचं तर माझाही होता.

नवऱ्याला बेळगोळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो. मी इथल्या एका ऑफिसात सतरा वर्षं परदेशी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. कुठली तक्रार कुठल्या टेबलावर जाते, कुठली वर सरकते आणि कुठली न वाचता बंद होते, हे मला झोपेतही सांगता येईल. त्या ज्ञानाचा मला गर्व होता. म्हणूनच पुढचा घोळ माझ्याच हातून झाला.

हॉलमध्ये संध्याकाळी साडेसहाला अरबीचा वर्ग चालायचा. आखातात नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्स मुलींसाठी चर्चने तो काढला होता. जातधर्म कुणी विचारत नसे, त्यामुळे आमच्या गल्लीतली एक मराठी मुलगीही त्यात होती. तिचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेतले, घरात अजून मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. शिकवणाऱ्या बाई बेथलेहेमच्या होत्या आणि रोज भिंतीवरच्या पडद्यावर यायच्या. पूर्वी त्या तिथल्या हॉटेलात यात्रेकरूंची व्यवस्था बघायच्या. युद्ध सुरू झालं, यात्रेकरू येईनासे झाले, हॉटेलला कुलूप लागलं. नवऱ्याचं कामही गेलं. घरात दोन शाळकरी मुलं. या वर्गाची फी हीच काय ती घरातली मिळकत ठरणार होती.

“आंटी, त्या सुम्ने, नुसता धडा वाचत नाहीत बघा,” ती मुलगी मला सांगायची. “एकीला पेशंट करतात, एकीला नर्स. पेशंटनं अरबीत ओरडायचं, नर्सनं गप्प करायचं. हसून हसून साकायतु, पुरेपुरे होतं आम्हाला!”

ते ओरडणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पोळ्या लाटता लाटता मीही चार शब्द शिकले.

फी ठरली होती, पण ती पोचत नव्हती. अशा कामांचे पैसे जगभर ज्या ऑनलाइन सेवेतून जातात, तिच्यात खातं उघडताना आधी देश निवडावा लागतो आणि त्या यादीत बाईंचा देशच नव्हता. त्यांच्या गच्चीतून समोर एक टेकडी दिसते. टेकडीवर इस्रायली वस्ती आहे. तिथल्या घरांत हीच सेवा बिनबोभाट चालते, कारण त्यांना यादीतला इस्रायल निवडता येतो. मधे एक दरी, आणि दरीच्या अलीकडे राहणाऱ्याला बंदी! बँकेतून पाठवून पाहिलं, तर मधल्या बँकांनीच बरीच रक्कम कापून घेतली. दुसऱ्या खेपेला पैसे सहा आठवडे फिरून परत आले आणि आमच्या बँकेने नव्याने कागद मागितले. बाई तीन महिने फुकट शिकवत होत्या. घरचं इंटरनेट तुटलं होतं, तेव्हा बहिणीच्या मोबाइलवरून वर्ग घेत होत्या.

परदेशातली काही चर्चं ही ऑनलाइन सेवा चालवणाऱ्या कंपनीला पत्रं लिहीत आली आहेत, हे सेक्रेटरींना कळलं होतं. टेकडीवरच्यांना जी सेवा देता तीच खालच्यांनाही द्या, एवढीच मागणी. त्यांनी मसुदा मागवून घेतला आणि कमिटीपुढे ठेवला. तिथून त्या मसुद्याचे हाल सुरू झाले.

आमच्या या कमिटीची एक रीत आहे. कुठलंही पत्र आधी आभारांनी सुरू होतं, मग आशीर्वाद येतो, मग पुन्हा आभार, आणि मागणी असलीच तर सहीच्या जरा वर दबकत उभी राहते. रस्त्यावरच्या दिव्यासाठी महापालिकेला लिहिलेलं पत्रही असंच होतं आणि तो दिवा अजून लागायचा आहे. पहिल्या रविवारी ‘अन्याय’ गेला, त्याच्या जागी ‘गैरसोय’ आली. दुसऱ्या रविवारी एका वयस्कर सभासदांनी ‘पॅलेस्टाईन’वर बोट ठेवलं. हा शब्द राजकीय आहे म्हणे. त्याऐवजी ‘पवित्र भूमीतील काही रहिवासी’ लिहावं.

“काही रहिवाशांना सेवा मिळतेच आहे!” मी उसळून म्हटलं. “टेकडीवरच्यांना मिळते. तुम्ही असं लिहिलंत तर कंपनी म्हणेल, मग तक्रार काय आहे?”

“बिडि मेडम, सोडून द्या,” सेक्रेटरी हळूच म्हणाले. “शब्दावरून भांडलो तर पत्रच जाणार नाही.”

माझा पारा चढला होता, पण मी पडले पाहुणी. पाहुणीने किती बोलायचं? पत्र ‘काही रहिवासी’ घेऊनच गेलं. महिना उलटला तरी उत्तर नाही.

मग मी म्हटलं, पत्रबित्र राहू दे, मी रीतसर तक्रार नोंदवते. तक्रारीला नंबर पडला की त्यांना उत्तर द्यावंच लागतं. सेक्रेटरींनी मान डोलावली. मी कंपनीचा फॉर्म उघडला, पीडित ग्राहक म्हणून बाईंचं नाव आणि ईमेल टाकला आणि देशाच्या रकान्यापाशी येऊन अडले. तिथेही तीच यादी. देश निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

सतरा वर्षं मी नव्या पोरापोरींना एकच शिकवलं होतं: फॉर्म अडला तर जवळातला जवळचा पर्याय टाका आणि खरी गोष्ट खाली शेऱ्यात लिहा. तक्रार आत जाणं महत्त्वाचं. मी इस्रायल निवडलं. खाली शेऱ्यात सगळं सविस्तर लिहिलं, ‘पॅलेस्टाईन’ चार वेळा लिहिलं आणि मनातल्या मनात कमिटीला चांगलाच टोला हाणला. नंबर पडला. मी खूश होऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या देशात आमची सेवा उपलब्ध आहे, स्थानिक पत्ता आणि फोन नंबर देऊन खातं उघडावं, आपली तक्रार निवारण झाल्यामुळे बंद करत आहोत. शेरा कुणी वाचलाच नव्हता. शेरे वाचायला वेळ नसतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी स्वतः किती शेरे न वाचता बंद केले असतील, देव जाणे.

त्या उत्तराची प्रत बाईंनाही गेली होती. संध्याकाळी वर्ग संपल्यावर त्यांनी मला पडद्यासमोर बोलावून घेतलं. मी याआधी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. साधारण माझ्याच वयाच्या, डोक्यावर चष्मा सरकवलेला. आवाज अजिबात चढला नव्हता.

“तुम्ही माझ्यासाठी धडपडताय, ते मला कळतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “पण तुम्ही मला जिथे नेऊन ठेवलंत, तिथे जायला मला परवाना लागतो. माझी आई तिथल्या हॉस्पिटलात होती, तेव्हा तो मला मिळाला नाही. आता तिथली रहिवासी म्हणून माझी तक्रार मिटली आहे.”

मी माफी मागितली. काय बोलले ते धड आठवत नाही, पण फॉर्मची अडचण समजावून सांगायला लागले होते एवढं आठवतं, आणि त्याची लाज अजून वाटते. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “यादी त्यांनी केली. तुम्ही तरी त्यातलं निवडायला नको होतं.”

त्या रात्री मी जेवले नाही. नवरा म्हणाला, एवढं काय, चांगल्या हेतूनेच केलंस ना. त्याच्यावरही ओरडले.

सकाळी नवं पत्र लिहिलं, साध्या कागदावर, देशाच्या नावासकट, ‘अन्याय’सकट. कमिटीने सही करावी म्हणून सेक्रेटरींच्या मागे लागले. त्यांनी ते पुढच्या बैठकीच्या विषयांत घातलं, बैठक सणामुळे पुढे गेली. मधल्या दिवसांत बाईंनी कळवलं की त्या थांबत आहेत. दिराच्या दुकानात काम मिळालंय, पगार थोडा, पण हातात पडतो. शेवटच्या वर्गाला मुली रडल्या. “आम्हाला रडताना काय म्हणायचं तेपण अरबीत शिकवलं आंटी,” आमच्या गल्लीतली ती मुलगी म्हणाली आणि डोळे पुसत घरी गेली.

कमिटीने आठवड्यात दुसऱ्या बाई शोधल्या, कैरोच्या. बैठक भरली तेव्हा माझं पत्र विषयांच्या यादीत शेवटी होतं. त्याआधी फीचा विषय निघाला आणि सेक्रेटरींनी माझ्याकडे लॅपटॉप सरकवला, कारण त्याच ऑनलाइन सेवेत माझं खातं होतं आणि पैसे त्यातूनच पाठवायचे होते. मी यादीतून इजिप्त निवडला, रक्कम टाकली, बटण दाबलं. मिनिटाच्या आत कैरोहून उत्तर आलं, मिळाले, आभारी आहे.

“आयतु, मुगीतु!” सेक्रेटरी म्हणाले. झालं, संपलं! कुणीतरी खुर्ची मागे सरकवली, कुणीतरी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. माझं पत्र कुणी काढलंच नाही, कारण आता अडचण कुणाची उरली होती? सगळे सुटल्यासारखे हसत होते. मीही हसले. पैसे पोचल्याचा मला खरोखर आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचा राग अजून जात नाही.