फोटोखालची तारीख

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर तो फ्लेक्स बनवतो. पत्रकारितेच्या वर्गातला तो माझा सगळ्यांत चांगला विद्यार्थी. बातमी म्हणजे सहा 'क', हे मीच त्याच्या डोक्यात भरलं होतं: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आलेल्या माणसालाही तो खाली मान घालून हे सहाही प्रश्न विचारतो. फ्लेक्सवर फोटो, नाव आणि तारीख जाते; बाकीचं तो वहीत लिहून ठेवतो. परवा मी तिथं असताना प्रकाशा गावचा एक म्हातारा मुलाचा फोटो घेऊन आला होता.

"कसा गया, बाबा?" यानं विचारलं.

"दवाखानामा डॉक्टरच नव्हता, भाऊ," म्हणत म्हातारा तिथंच रडू लागला. यानं शब्द न् शब्द टिपून घेतला.

म्हातारा गेल्यावर मी म्हणालो, "अरे, बातमी दे की!"

"कोन छापी, सर? पेपरवालासले जाहिरात पाहिजे." जाहिराती आणता आल्या नाहीत, म्हणूनच त्याची वार्ताहरकी सुटली होती.

आज मी आमच्या कॉलेजचा प्रवेशाचा फ्लेक्स करायला गेलो. 'पत्रकारितेत उज्ज्वल भविष्य!' प्राचार्यांना त्यावर एक यशस्वी माजी विद्यार्थी हवा होता. मला दुसरं कुणी आठवेना. शेवटी निर्लज्जपणे त्याचाच फोटो मागितला. त्यानं तो नेहमीच्या चौकटीत बसवला, कीबोर्डवर बोटं ठेवली आणि खाली मान घालूनच विचारलं,

"सर, फोटोना खाले तारीख कोनती टाकू?"