जिभेचा रंग

शेवगावच्या बाजारात बायको भाजी घेईपर्यंत मी बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी उभा राहतो. साखर वाढल्यापासून गोळा नुसता बघायचा. तिथं दर बाजारी एक चाळिशीची बाई यायची. पिशव्या पायाशी ठेवून, लहान पोरीसारखा आवाज करत लाल गोळा चोखायची आणि मग मोबाईलमध्ये स्वतःची जीभ बघायची.

एकदा मला राहवलं नाही. "जीभ कशाला बघता, ताई?"

ती हसली. "सासूबाई तपासत्यात. लई दिवस अंथरुणावर हायेत. बाजाराच्या दिवशी त्यांच्यापाशी मालक बसत्यात, अन् मी गोळा खाऊन आल्याशिवाय त्या औषध घेत न्हाईत. एकदा घाईत नुसता रंग लावून पळाले, तर गालाला हात लावून म्हनल्या, 'गार न्हाई. जा माघारी!'"

मी हसलो. मग विचारलंच, "डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांनी हात टेकलेत."

गाडीवाला मधेच म्हणाला, "ताई, आज पिवळा घ्या की."

"न्हाई बाबा! सासूबाई म्हनत्यात, 'बाकी समदे रंग बघून झाले, पिवळा बघितला की मी मोकळी.' मी लालच खानार!"