सरावाचा खड्डा

उन्हाळा लागायच्या आधी मी दरवर्षी कॉलेजमागच्या पडीक जागेत एक खड्डा भरायचो. तळाशी फुटक्या सुरईची खापरं, वर मुरमाचा पातळ थर, त्यावर चुलीतली राख आणि जळकी तूर, मग बांगड्यांच्या काचा आणि सगळ्यांत वर काळी माती. पावसाळ्यात सगळं दबून बसायचं आणि दिवाळीच्या आगेमागे पुरातत्त्वाच्या वर्गातली मुलं तो खणायची. शेवटी पडलेलं आधी निघतं. वस्तूपेक्षा ती सापडली ती जागा महत्त्वाची. उकरायचं नाही, खरवडायचं. एवढं त्यांना कळलं की वर्षाचं काम झालं असं मी समजायचो.

खरं उत्खनन पुढच्या वर्षी, असं मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो. नागपूरच्या आसपास शिळावर्तुळं काय कमी आहेत? हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांभोवती गोल मांडलेले ते दगड मी मुलांना लांबून दाखवायचो. पण आमच्यासारख्या कॉलेजला खणायची परवानगी कधी मिळाली नाही, आणि अर्ज फिरून येईपर्यंत तिथे लेआउट पडून प्लॉटचे खुंट ठोकलेले असायचे.

यंदा एकाही मुलाने विषय घेतला नाही. प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला आणि विषय बंद होत असल्याचं सांगितलं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावंही लागत नाही, नुसतं बोलवायचं नाही, झालं. मागच्या जागेत पार्किंग होणार, सिमेंटचे गट्टू बसवणार, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. मी म्हणालो, आधी मला तो खड्डा खणू द्या. खोटे थर जमिनीत ठेवून जाता येत नाही, उद्या कोणी खणलं तर तो फसेल. प्राचार्य हसले. काम गेल्यामुळे माझं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असावं. थोडं फिरलंही होतं. घरी अजून सांगितलं नव्हतं.

खणणं एकट्याला जमतं, मोजणं जमत नाही. टेपचं दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं. म्हणून मी कुहीकडच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. तिच्यासारखा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. आता ती सीताबर्डीवर साड्यांच्या दुकानात होती. दिवाळीची गर्दी असूनही अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली, ओढणी कमरेला बांधली आणि न विचारता थापी हातात घेतली.

राख संपली, मुरूम संपला, आणि तळाच्या खापरांशेजारी पेनचं निळं टोपण निघालं. ते मी पुरलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तिने खड्ड्याची भिंत थापीने साफ केली, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि वरून खालपर्यंत बोट नेलं. तिथे केसाएवढी फिकट रेघ होती. उन्हात काळी माती तडकली, टोपण भेगेतून खाली गेलं आणि पावसात भेग बुजली. टोपण तळाच्या थराचं नाही, वरचं आहे, असं तिने मला समजावून सांगितलं. मला, तिच्या मास्तराला! माझा ऊर भरून आला. त्या भरात मी बोलून गेलो, "तू हे सोडायला नको होतंस."

ती टेप गुंडाळत होती.

"काय सोडलं सर मी? मले खणाले भेटलं कुठं? तुम्ही पुरलं तेच तं आम्ही काढून राहिलो होतो."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. गिऱ्हाईक गेल्यावर पसरलेल्या साडीची घडी घालावी तसं तिने ते सांगितलं. तिच्या वर्गातला एक जण खापरखेड्याला वीज केंद्रात कंत्राटावर आहे, बाकीचे कुठे गेले मला माहीत नाही. त्या सगळ्यांना माझ्या हातून मिळालं ते मी पुरलेलं तेवढंच.

खड्डा बुजवताना तळाशी चालू सालाचं नाणं टाकायची आम्हा उत्खनन करणाऱ्यांत रीत आहे. पुढे कोणी खणत आलं तर त्याला कळावं, की इथे आधी माणसं येऊन सगळं खणून गेलीत. शिकवण्याच्या खड्ड्यात ते टाकायची कधी वेळ आली नव्हती, कारण दरवर्षी तो पुन्हा भरायचाच असायचा. मी खिसे चाचपले. हल्ली खिशात मोबाइलशिवाय काही नसतं. तिने पर्स उघडली, दोनचार नाणी उन्हात धरून साल पाहिलं आणि एक निवडून तळाशी ठेवलं. मग दुकान गाठायचं म्हणून हात धुऊन निघून गेली.

मी एकटाच माती ओढत राहिलो. इतक्या वर्षांत त्या खड्ड्यात ठेवलेली ती एकच खरी वस्तू होती, आणि ती सांगत होती की आता इथे काही नाही.