नावासकट निरोप

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आर्णीच्या आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाबूंचे, म्हणजे हेडक्लार्कचे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी कंत्राटी नोकरीवर लागलो, तेव्हा साधा अर्ज लिहायलाही त्यांनीच शिकवलं. ऑफिसने तक्रारी-सूचनांसाठी लिहिणाऱ्याचं नाव न दिसणारं ॲप आणलं, तरी ते प्रत्येक निरोपाखाली ‘आपला विश्वासू’ लिहून पूर्ण नाव टाकत. आम्ही हसायचो.

"हासा लेकहो. बिननावाचं पत्र आवक रजिस्टरात कोण घेते?"

एकदा मी त्या ॲपवर लिहिलं, की रविवारी कामाला बोलावतात, पण बदली सुट्टी देत नाहीत. साहेब भडकले. लिहिणाऱ्याला काढतो म्हणाले. मी मान खाली घालून बसलो. तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजले. ‘वरील मजकूर माझा आहे. आपला विश्वासू,’ आणि खाली बाबूंचं नाव.

"बाबूजी, काहून?"

"तुही लिहायची तऱ्हा मी वळखतो. माही नोकरी पक्की हाय. तुले काढतीन. मले लय झालं तर बदली करून दूर फुलसावंगीले पाठवतीन."

तसंच झालं.

काल मी त्यांना पत्र टाकलं: ‘बाबूजी, तो मजकूर माझा होता, हे आज साहेबांना लेखी दिलं. आपला विश्वासू,’ आणि खाली माझं पूर्ण नाव.