पट्टी तुटली नव्हती

ताईच्या अंगावर स्वयंपाकघराचं छत पडलं त्या दुपारी मी पलीकडच्या खोलीत वाचत होते. ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. धूळ खाली बसली तेव्हा मला आधी काळी पट्टी दिसली आणि मग ताई.

ती पट्टी कार्बनच्या धाग्यांची होती, वीतभर रुंद. छताला मजबुती यावी म्हणून वर्षभरापूर्वी चिकटवलेली. आता एका टोकाने लोंबत होती आणि सिमेंटचा बोटभर जाड थर तिला तसाच चिकटलेला होता. पट्टीला कुठे तडा नव्हता, एक धागाही सुटलेला नव्हता. जे धरलं होतं ते तिने सोडलं नव्हतं. छतानेच छताला सोडलं होतं.

आम्ही दोघी बहिणी, बिनलग्नाच्या. बेलापूरच्या या सोसायटीत शेवटच्या मजल्यावर राहायचो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, ताई शाळेत विज्ञान शिकवायची. कार्बन तिचा लाडका. वर्गात ती पेन्सिलीने कागदावर जाड रेघ ओढायची, तिच्यावर सेलोटेप दाबून उचलायची. टेपवरचा काळा डाग मग दुसऱ्या टेपने, तो तिसऱ्या टेपने. "असं सोलत गेलं की शेवटी एका अणूइतका पातळ थर राहतो. तेवढ्या जाडीचं पोलाद त्याच्यापुढे काहीच नाही," ती सांगायची. विमानं, पवनचक्कीची पाती, कृत्रिम पाय. जमिनीपासून थेट अंतराळापर्यंत कार्बनचा दोर लावायचं स्वप्न काही माणसं बघतात, हे सांगताना तिचा आवाज चढायचा. मग तीच खाली यायची. "पण एवढा लांब दोर अजून कुणाला वळता आलेला नाही बरं का. चिमूटभर निर्दोष करणं वेगळं आणि गाडीभर करणं वेगळं."

म्हणून तर सोसायटीच्या सभेत पट्टीच्या बाजूने उठून बोलली ती ताईच. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने आमच्या मजल्याच्या छतातल्या सळ्या गंजल्या होत्या. तपकिरी ओघळ आले होते.

"टीचर बोलल्या म्हणजे फायनल," सेक्रेटरी म्हणाला. तो आमच्या शेजारच्याच घरात राहतो. मधली भिंत एक.

मागून कुणीतरी ओरडलं, "मग यंदा बाप्पापण कार्बनचाच आणा! विसर्जनाचं टेन्शन नाय."

सगळे हसले. हसू ओसरेपर्यंत ताई उभीच राहिली. "माझी एक अट आहे. जे पोकळ झालंय ते आधी सगळं फोडा. सळ्या साफ करा, नवं भरा, मग पट्टी. पट्टी कितीही भक्कम असली तरी ती ज्याला चिकटलीय तेवढाच तिचा जोर."

गणपती तीन आठवड्यांवर आले होते. मंडप खाली पार्किंगमध्ये पडायचा होता, तिथे डेब्रिसचे ढीग नकोत. सेक्रेटरीने ठेकेदाराला सांगितलं, बाप्पा बसायच्या आत आटपा. काही फोडलं नाही. वरवर घासलं, गिलावा फिरवला, पट्ट्या डकवल्या. ताई दोनदा सेक्रेटरीच्या दारात गेली. दुसऱ्यांदा मी सोबत होते.

"टीचर, शाळा सुटली आता," तो हसत म्हणाला. "विमानाला लावतात ते तुमच्या किचनला लावलंय. निवांत झोपा."

ताई गेल्यावर पंचनामा झाला, कागद पुढे गेला आणि कुठेतरी थांबला. सेक्रेटरीची बायको बारा दिवस मला डबा देत होती. तो स्वतः मात्र जिन्यात लोकांना सांगत होता, "त्यांनीच तर सांगितलं होतं कार्बन लावा म्हणून. आणि त्यांच्या किचनवर पाण्याची टाकी आहे. बाकी कुणाला काय होत नाय." मी दाराआड उभी राहून ऐकलं. सभेचं इतिवृत्त मागवून पाहिलं. त्यात ताईचा पाठिंबा होता, अट नव्हती. फाटलेली पानं शोधण्यात माझी सगळी हयात गेली आहे. हे पान कुणी फाडलं ते शोधावं लागलं नाही.

मग एका सोमवारी तपासणीसाठी एक इंजिनिअर बाई आली. छोट्या हातोडीने ती पट्टीवर ठोकायची आणि कान द्यायची. "घट्ट असेल तर ठण्ण वाजतं. आत सुटलं असेल तर भद्द." त्या दिवशी तिची दोनच घरं झाली, बाकीची ती पुढच्या सोमवारी करणार होती. घरं घाबरलेली होती. मी ताईचा आमटीचा लांब डाव घेतला, स्टुलावर चढले आणि एकेका घरात दांड्याने वाजवत गेले. दिवसभरात माझा कान तयार झाला.

शेवटी सेक्रेटरीचं घर. तो एकटाच होता, बायको गावी गेली होती. "वाजवा मॅडम, तुमच्या समाधानासाठी," म्हणून तो टीव्हीसमोर जाऊन बसला.

स्वयंपाकघर, ठण्ण. हॉल, ठण्ण. झोपायच्या खोलीत, पलंगाच्या बरोबर उशाशी, भद्द. मी पुन्हा वाजवलं. भद्द.

"काय म्हणतंय?" बाहेरून त्याने विचारलं.

"वाजतंय," मी म्हणाले आणि स्टूल उचलून घरी आले.

पुढचे सहा दिवस मी कुणाला काही बोलले नाही. हे मी झाकून ठेवणार नाही. जेवत होते, वाचत होते. भिंतीपलीकडे त्याचा पलंग करकरला की पुस्तकातली ओळ सोडून ऐकत होते. निवांत झोप, मनात म्हणत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

रविवारी संध्याकाळी सोसायटीची सभा होती. मी खाली निघाले तेव्हा त्याची बायको पिशव्या घेऊन जिना चढत होती. "आले हो गावाहून! तुमच्यासाठी कोकमं आणलीत. ताईंना आवडायची ना." ती दमली होती. आज लवकर आडवी होते, म्हणाली. मी तिला म्हटलं, "आधी सभेला चला."

सभेत मी ताईची अट शब्दशः सांगितली आणि ती इतिवृत्तात घाला म्हटलं. सेक्रेटरीने पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, तुमचं दुःख समजतं. पण असं काय त्या बोलल्याचं मला आठवत नाय."

"तुमच्या पलंगाच्या उशाशी छत भद्द वाजतं," मी म्हणाले. "सोमवारी मी वाजवलं तेव्हाच कळलं. सहा रात्री मी तुम्हाला त्याच्याखाली झोपू दिलं."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे बघू लागली. "काय बोलल्या होत्या टीचर?" तिने त्याला विचारलं. "आता आठवा." त्याने पेन उचललं. मी एकेक शब्द सांगितला, त्याने लिहिला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाईने तिथलं छत उतरवलं. पट्टी अखंड निघाली, सिमेंटचा थर घेऊन. मग सळ्या घासल्या, नवं भरलं, नवी पट्टी लावली, सगळं ताईच्या अटीप्रमाणे. कोकमं दारात ठेवलेली मिळाली. त्यानंतर त्याची बायको माझ्याशी बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

आता रोज संध्याकाळी तो स्टुलावर चढून छत वाजवतो. एकदा दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, मला फरक कळत नाय. तुम्ही एकदा ऐकता का?"

"शाळा सुटली," मी म्हणाले आणि दार लावलं.

त्याचं ठोकणं भिंतीतून येतं. मी पुस्तक मिटून ऐकते. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. छत घट्ट आहे, माझ्या कानाला इथूनसुद्धा कळतं. त्याला मी ते सांगणार नाही.