दोरी न लावता धुळे आणि परत

चौदा वेळा! चौदा वेळा मी त्या गाडीतून उतरले आणि चौदा वेळा परत आत शिरले. गतिरोधक दिसला की आमचे चिरंजीव म्हणायचे, "आई, जरा उतर ना, वजन कमी होईल." माझं वजन बेचाळीस किलो. त्याचं ब्याण्णव. आणि उतरायचं मी! मग गाडी पोट घासत पलीकडे जाणार, मी मागून चालत जाऊन पुन्हा त्या बिळात शिरणार. एरंडोलला एक भाजीवाली तर म्हणाली, "माय, पायी चालनी का धुयाले?"

हं. आता रामराम.

एरवी मी इथे पापड-कुरडयांचं लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे मी. मी बोलते, मोबाईल लिहितो, चुका त्याच्या. पण मागच्या आठवड्यात मी जळगावहून धुळ्याला स्पोर्ट कारने जाऊन आले. कुणाच्या मनात असं काही करायचं असेल तर आधी हे वाचा.

गाडी माझ्या मुलाची, दिलीपची. मुलगा चोपन्न वर्षांचा, गाडी बावीस. तीन मालकांनी वापरून, वाकवून, कापून झाल्यावर चौथा हा मिळाला. दोन दारं. एक लाल, एक पिवळं, कारण मूळचं लाल कुठे मिळालं नाही. स्टेअरिंग एका गाडीचं, खुर्च्या दुसऱ्या गाडीच्या, खालच्या स्प्रिंगा कापून बसक्या केलेल्या. तीन वर्षं ती आमच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती आणि दिलीप रोज संध्याकाळी तिच्याखाली. जेवायला हाक मारली की नुसते पाय हलायचे.

माझी सून सुनीता हिला ते अंगण पाहिजे. कुरडया वाळवायला तिला शेजारणीची गच्ची मागावी लागते. एके दिवशी तिने सांगून टाकलं, "एकदा धुळ्याला जाऊन परत या. दोरी बांधून ओढून आणावी लागली तर त्याच दिवशी भंगारवाला बोलावणार. नाही लागली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही." दिलीपने हात पुढे केला. सुनीता म्हणाली, "तुमचा भरवसा नाही. सोबत आई जातील. त्या पंच."

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पण धुळ्याला माझी धाकटी बहीण कमल राहते, आणि तिकडच्या वांग्यांना चव नसते असं माझं मत आहे. पाच किलो भरताची वांगी घेतली आणि निघाले.

सकाळी सहाला निघालो. थंडी होती म्हणून बरं, कारण एसीच्या जागी दिलीपने कसलंसं घड्याळ बसवलंय. ते काय दाखवतं, विचारलं. म्हणाला, "प्रेशर." कुणाचं ते सांगितलं नाही. खुर्ची म्हणजे सुपात बसवल्यासारखी. वर चार पट्ट्यांनी आवळलं. बायांनो, अशा गाडीत बसायचं तर गोल साडी नेसा आणि पदर आधी खोचून घ्या. माझ्या पदराचं टोक पट्ट्याच्या कडीत अडकलं ते पाळधीला सुटलं.

आवाज मळणी यंत्राचा. त्यात दर वेळी गिअर बदलला की गाडी शिंकते. फुस्स! मी म्हटलं, "हिला पडसं झालंय." दिलीप म्हणाला, "आई, त्या शिंकेचे लोक वेगळे पैसे मोजतात." मोजत असतील. लोक कशाचेही मोजतात.

एरंडोलला चहा घेतला. दहा रुपयांचा, आलं भरपूर, थांबायला हरकत नाही. मी दार उघडून एक पाय बाहेर टाकला, पण पुढचं काही हलेना. चहावाला धावत आला. "माय, बठ्ठं ठीक शे ना?" म्हणाला. मग त्याने एक हात धरला, दिलीपने दुसरा, आणि रुतलेली म्हैस काढावी तसं मला काढलं. चहा मी गाडीला टेकूनच प्यायले. पुन्हा बसून पुन्हा निघायची हौस कुणाला!

टोलनाक्यावर आमच्या खिडकीची काच खाली होईना. दिलीपने दार उघडून हात वर केला. केबिनमधल्या मुलीला आधी नुसता हातच दिसला. तिने वाकून पाहिलं. "आत कोण आहे?" मी ओरडले, "माणसं आहेत!" तिने नमस्कार केला.

आता मुद्द्याचं. एरंडोलच्या पुढे कापसाच्या गाड्या लागल्या. सध्या वेचणीचे दिवस, जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीकडे जाणारे ट्रॅक्टर-टेम्पो ओळीने चाललेले, घराएवढे भरलेले. बाभळींवर कापूस, तारांवर कापूस, रस्त्यावर कापूस उडतोय. तासभर आम्ही त्यांच्या मागेच. पुढे जायला जागा मिळाली की दिलीप गाडी दामटायचा, आणि दर वेळी गाडी थोडी जास्त रडायची. सकाळी जिला ट्रक वाट देत होते, तिला पारोळ्याच्या अलीकडे दुधाचे कॅन लावलेला मोटरसायकलवाला मागे टाकून गेला. जाताना त्याने दिलीपकडे जसं पाहिलं, तसं मेलेल्याच्या घरी पाहतात.

मग मागून काळा धूर आणि गाडी बंद. रस्त्याच्या कडेला.

दिलीपने मोबाईल काढला, गाडीचं दुखणं मोबाईलवर दाखवणारी एक डबी जोडली आणि वाचत बसला. मग जळगावला युसुफ मिस्त्रींना फोन. मिस्त्री म्हणाले, "प्लग काढून पाहा." काढले, पुसले, बसवले. "आता बघ हं आई." चालू झाली. जागच्या जागी छान फुरफुरते, पाय दाबला की ठसका, धूर, बंद. मिस्त्री म्हणाले, "सेन्सर पुसा." पुसला. ठसका, धूर, बंद. "बॅटरीची वायर काढून परत लावा." तेच. शेवटी मिस्त्री म्हणाले, "दिलीपभाऊ, ओढून आणा."

हे वाक्य कानावर पडायला आणि एक रिकामा ट्रॅक्टर थांबायला एकच गाठ पडली. चालवणारा साठीचा, डोक्याला उपरणं. "काय व्हयनं भाऊ? बंद पडनी का? दोर शे मन्हाजोडे. बांधू का?"

आणि माझा चोपन्न वर्षांचा मुलगा गाडीच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. "दोर नको!"

"अरे फुकट वढी लेस ना पारोयालोंग!" पारोळ्यापर्यंत फुकट ओढून न्यायला तयार होता तो.

"फुकट पण नको!"

ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "माय, याना डोकाले काय व्हयेल शे?"

"त्याचं नि बायकोचं भांडण आहे," मी म्हटलं. "तुम्ही दोर हातातच ठेवा, भाऊ."

दोर हातात, पंच मी. हो म्हटलं असतं की मामला संपला होता. संध्याकाळी अंगण मोकळं, सुनीता खूश. पण मी मघापासून त्या धुराकडे बघत होते. साठ वर्षं चूल पेटवली मी. चुलीत लाकडं कोंबली आणि तोंड बुजलं की असाच काळा धूर येतो. लाकडाचा दोष नसतो.

"दिलीप, ही श्वास कुठून घेते?"

"म्हणजे?"

"नाक कुठेय हिचं?"

तो म्हणाला, "कंपनीचा डबा होता, तो मी काढून टाकला. जास्त हवा मिळावी म्हणून मोठं उघडं फिल्टर बसवलंय. खाली, पुढच्या चाकाशेजारी."

"खाली. रस्त्याजवळ. उघडं." मी म्हटलं. "काढ ते."

तो आडवा झाला. पण पोट आधी जमिनीला लागतं, हात पोचेना. ट्रॅक्टरवाल्याचा पंजा आत जाईना. शेवटी मी खाली बसले, बांगड्या वर सारल्या आणि हात घातला. बोटांना लागलं आणि मला हसू फुटलं. मोबाईल नको, डबी नको. डोळे मिटूनही मला ते कळलं असतं.

कापूस! दिलीपने कडी सैल केल्यावर फिल्टर बाहेर आलं ते फुटलेल्या बोंडासारखं. वरून खालपर्यंत पांढरं, मध्ये सरकी, काडीकचरा. ट्रॅक्टरवाला दोर टाकून पोट धरून हसला. "माय, हाई गाडी शे का जिनिंग शे?"

वेचणीला मी तरणेपणी रोजाने जायचे. बोटं विसरली नव्हती. दहा मिनिटांत घडी न् घडी साफ केली. कापूस वाया घालवला नाही, पदरात बांधला. वाती होतील. फिल्टर बसवलं, दिलीपने पाय दाबला. फुस्स! ट्रॅक्टरवाला दचकून मागे सरला आणि दिलीप मला मिठी मारायला आला. मी म्हटलं, "हात ग्रीसचे आहेत, लांब राहा."

धुळ्याला कमलकडे पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. डिकी उघडली तर भरताचा वास! सायलेन्सर डिकीच्या बरोबर खाली, आणि पाच किलो वांगी निम्मी भाजलेली. कमल म्हणाली, "हाई काय, वांगा भाजीसन लई उनी का?" उरलेली निम्मी तिने काट्यांवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजली. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. चवीत कुठली वांगी गाडीने भाजली आणि कुठली काट्यांनी, ते कुणालाच ओळखता आलं नाही. ज्यांच्या ओळखीचं घर नसेल त्यांनी पांझरा नदीच्या अलीकडे एखादी खानावळ गाठा, शेवभाजी घ्या, पाणी जवळ ठेवा.

परतीच्या रस्त्यावर पुन्हा कापूसच. मी कमलची पिठाची चाळणी उचलली आणि दिलीपला म्हटलं, फिल्टरच्या तोंडाशी बांध. त्याने सुतळीने बांधली. कमल दारातून ओरडत होती, "मन्ही चायनी!" आम्ही निघालो. दोनदा थांबून चाळणी झटकली आणि पुन्हा दामटली.

खर्च सांगते: पेट्रोल सतराशेचं, टोल वेगळा, चहा चाळीस. एसटीने गेलात तर याच्या कितीतरी कमी लागेल आणि गतिरोधकाला उतरावंही लागणार नाही.

दिवेलागणीला घरी आलो. अंगणात भंगारवाला बसलेला, हातात चहा! सुनीताने आधीच बोलावून ठेवला होता. तिने मला विचारलं, "आई, खरं सांगा. दोरी लागली?"

"नाही."

"बंद पडली?"

"पडली."

"मग चालू कुणी केली?"

मी पदराची गाठ सोडून कापूस पुढे ठेवला. तिला सगळं कळलं. तिने कापसाकडे पाहिलं, माझ्या काळ्या हाताकडे पाहिलं आणि आत निघून गेली. भंगारवाला गाडीखाली वाकून पाहून आला आणि दिलीपला म्हणाला, "माझ्याकडे एक लाल दार पडलंय."

आता चार दिवस झाले. कंबर दुखते. गाडी अंगणात आहे. शब्द दिल्याप्रमाणे सुनीता गाडीबद्दल काही बोलत नाही. माझ्याशीही बोलत नाही. म्हणते, पंचाने हात लावायचा नसतो. बरोबर आहे तिचं. पण मी काय पाहिलं तेही सांगते. तो दोन्ही हात पसरून उभा होता ना, तसा तो माझ्यासाठी कधी उभा राहिला नाही, तिच्यासाठीही नाही. मला रागच आला. आणि त्या रागातच मी खाली बसून हात घातला. का, ते मलाही सांगता येत नाही.

तेव्हा सुनीता, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे, रात्री मोबाईलचा उजेड दिसतो. कडेला गाडी बंद, समोर दोर, आणि हा असा हात पसरून उभा. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? इथेच खाली लिही, नावासकट. दिलीप, तू गप्प बसायचं. बाकीच्यांनीही हात आवरा. उत्तर सुनीताच देईल.